पाटावरची सुपारी

काशीतल्या रामघाटावरच्या आमच्या मराठी घरांत एक रीत आहे. पूजेला बसायचा यजमान काही अडचणीमुळे येऊ शकला नाही, तर त्याच्या पाटावर सुपारी ठेवतात. सुपारी ठेवली की तो माणूस तिथे आहे असे धरून संकल्प होतो. पाणी सोडायला, फूल वाहायला शेजारी बसलेल्याचा हात चालतो. पूजा आटोपली की ती सुपारी प्रसादाबरोबर ज्याची त्याला पोहोचती करायची, म्हणजे पूजेचे फळ वाटेत अडकत नाही. मी पॉलिटेक्निकमधून यंत्रविद्या शिकलेला, सारा जन्म रेल्वेच्या कारखान्यात काढलेला माणूस. जोडणीतला एखादा भाग हजर नसेल, तर त्याच्या जागी खडूची खूण करून यंत्र चालत नाही, हे मी कित्येक शिकाऊ मुलांना सांगितले. पण घरच्या या रीतीला तो नियम लावून पाहावा, असे मला कधी वाटले नाही.

आमच्या वेदपाठशाळेच्या पुढच्या अंगाला, थेट नदीवर, एक दगडी दालन होते. पाठशाळा विश्वस्तांच्या मालकीची, परंतु दालनाखालची जमीन शहराची, अशी त्याची जुनी स्थिती. भाद्रपदात तिथे गणपती बसे. उरलेले वर्ष, दर रविवारी सकाळी, माझी पत्नी शरदिनी तिथे मोहल्ल्यातल्या मुलांना मराठी शिकवी. आमची मुले शाळेत हिंदी बोलतात, बाजारात हिंदी बोलतात, आता आईशीही निम्मी हिंदीच बोलतात. मराठी घरातून बाहेर पडून चारचौघांत बसते अशी तेवढी एकच जागा उरली होती. शरदिनी गेल्यावर माझ्या सुनेने, नीरजाने, तो वर्ग चालू ठेवला. रविवारी मी मागच्या खांबाला टेकून बसे आणि 'ळ' म्हणताना मुलांच्या जिभेची होणारी तारांबळ ऐके. विधुराच्या आयुष्यात एवढा आनंद पुष्कळ झाला.

ढुंढिराज ताम्हनकर त्याच गल्लीतला. माझ्याहून धाकटा, लहानपणापासून मला दादा म्हणणारा. त्याचे वडील शिवरामपंत गंगेचे गडू विकत. काशीयात्रेला आलेला मराठी माणूस तांब्याच्या लहानशा गडूत गंगा भरून नेतो, देवघरात ठेवतो, आणि घरातल्या कोणाची शेवटची घटका आली की तो गडू फोडून दोन थेंब तोंडात घालतो. गडूचे तोंड कथलाचा डाख देऊन कायमचे बंद केलेले असते. आत काय आहे ते कोणी पाहू शकत नाही; विकणाऱ्याच्या नावावर सगळा भरवसा. शिवरामपंत होडी काढून पंचगंगा घाटासमोर मधल्या धारेत जात आणि तिथूनच पाणी भरून आणीत. "हे कोणाच्या तरी मरणाचं पाणी आहे, विश्वेश्वर," ते मला म्हणाले होते, "काठावरचं देऊन कसं भागेल?"

ढुंढिराज दुकानात बसू लागला तेव्हा हाताने डाख देण्यात दिवस मोडे. मी एका ओळखीच्या कारागिराच्या लेथवर त्याला झाकण दाबून बसवणारा साचा करून दिला. धंदा वाढला. गडूंमागून यात्रेकरूंसाठी खोल्या आल्या, खोल्यांमागून बसगाड्या. नाशिक-सोलापूरच्या यात्रा कंपन्या 'ताम्हनकर' म्हटल्यावर पुढचे विचारीनाशा झाल्या. माणूस गोड होता, हे मान्य केले पाहिजे. म्हाताऱ्या यात्रेकरूंना स्वतः हात धरून पायऱ्या उतरवी. आधी तो आमच्या प्रभागाचा नगरसेवक झाला, आणि गेल्या निवडणुकीत सबंध शहराचा महापौर.

त्या निवडणुकीत आमचा मोहल्ला पायाला भिंगरी लावून हिंडला. मंगला गौरीच्या देवळाजवळच्या सीताकाकू, वय झालेल्या आणि जिभेला धार असलेल्या, दारोदार जाऊन हिंदीत सांगत, "जिसका गंगाजल मरते बखत मुँह में डालते हो, उसको जीते जी एक वोट नहीं दोगे?" निकालाच्या दिवशी ढुंढिराज मिरवणूक थांबवून दालनात आला, गणपतीच्या रिकाम्या चौरंगावर डोके टेकवले, आणि मला वाकून नमस्कार केला. "दादा, साचा तुमचा आहे," तो म्हणाला. "मी नुसता त्यातून निघालोय."

गणपतीच्या यजमानपदाचा मान शिवरामपंतांपासून ताम्हनकरांकडे. महापौर झाल्यावर पहिल्याच भाद्रपदात निरोप आला की कोणी मंत्री येत आहेत, साहेबांना निघता येणार नाही. पाठशाळेचे तरुण गुरुजी यज्ञेश माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, "सुपारी ठेवा. मी शेजारी बसतो."

सीताकाकूंनी पदर तोंडाला लावला. "बरंच झालं. मेयरपेक्षा सुपारी बरी, भाषण करत नाही."

दालन हसले. मीही हसलो, आणि त्याच्या वतीने पाणी सोडले. दुपारी सुपारी आणि मोदक घेऊन त्याच्या दुकानी गेलो. महापौर झाला तरी दुपारचा तासभर तो वडिलांच्या गादीवर बसे. त्याने सुपारी डोळ्यांना लावली, खिशात ठेवली, आणि तिथे आलेल्या यात्रेकरूंना अभिमानाने सांगितले, "हे आमचे विश्वेश्वरदादा. माझ्या जागी हे बसतात."

पुढल्या वर्षीही सुपारीच बसली. त्या वर्षी निरोपसुद्धा आला नाही. आम्हीच समजून घेतले. पाटावर सुपारी आहे म्हणजे ढुंढिराज आहे, याची आम्हाला इतकी सवय झाली की गल्लीतल्या गटाराची तक्रार असो की दिव्याची, त्याने स्वतः यावे अशी अपेक्षा कोणी करीना. तो आपला आहे, एवढे पुरेसे होते.

त्यानंतरच्या वैशाखात दालनाच्या भिंतीवर लाल रंगाची खूण उमटली. दुर्बीण आणि तिपाई घेऊन आलेले लोक गल्ली मोजून गेले. घाटाकडे रुंद रस्ता काढायचा आहे, एवढे समजले. त्या रविवारी नीरजाचा वर्ग उठल्यावर सगळी घरे दालनात जमली. यज्ञेशगुरुजींचा एक शिष्य वकील झाला आहे. त्याच्याशी ते बोलून आले होते.

"आजच कोर्टात जाऊ," ते म्हणाले. "ठराव होण्याआधी स्थगिती मिळू शकते. नंतर फार अवघड."

"कोणाविरुद्ध जायचं?" मी विचारले. "शहराचा महापौर म्हणजे ढुंढी. घरचा माणूस खुर्चीवर असताना त्याच्याविरुद्ध अर्ज करायचा? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, या मराठ्यांना अक्कल आली," सीताकाकू म्हणाल्या. पण त्यांनीही पुढे रेटले नाही. आपल्या माणसावर कागद करायचा नाही, हे आमच्या हाडात मुरलेले आहे. मी त्याला भेटून येतो, असे ठरले.

दुकानात गेलो तेव्हा एक कारागीर गडूला डाख देत होता. ढुंढिराजने लस्सी मागवली.

"दादा, इतक्या उन्हात तुम्ही कशाला आलात? फोन करायचा."

"फोनवर विचारण्यासारखं नव्हतं. दालनाला हात लागणार आहे का?"

"कोण बोललं?"

"भिंत बोलली. लाल खूण आहे तिच्यावर."

तो हसला. "खुणा काय, पोरं कुठेही करतात. ठराव माझ्यासमोर येऊ तर द्या, दादा. बसल्या जागी परत पाठवतो. त्या दालनात माझं बारसं झालंय. वहिनींनी कुणालला तिथेच बाराखडी शिकवली. मी विसरेन?"

कुणाल हा त्याचा मुलगा. शरदिनीचा विषय निघाला आणि मला पुढचे काही विचारवले नाही. परत येऊन मी सर्वांना सांगितले, शब्द मिळाला आहे. यज्ञेशगुरुजी म्हणाले, "दादा, तुम्ही म्हणता तर वकिलाला नको म्हणून सांगतो." त्यांनी तसे सांगितले.

आषाढात ठराव मंजूर झाला. यज्ञेशगुरुजी वर्तमानपत्र घेऊन माझ्याकडे आले. बातमी आतल्या पानावर, दिवाबत्तीच्या आणि नालेसफाईच्या ठरावांत दडलेली. सभेच्या अध्यक्षस्थानी त्या दिवशी उपमहापौर होते. महापौर नाशिकला यात्रा कंपन्यांच्या मेळाव्यात सत्कार घेत होते. ठराव त्याच्यासमोर आलाच नाही. शब्द अक्षरशः पाळला गेला होता.

मी रागावण्याआधी तपासून पाहणारा माणूस आहे. नीरजाला बरोबर घेऊन पाठशाळेच्या गच्चीवर गेलो. वरून सगळ्या लाल खुणा एका नजरेत दिसत होत्या. नियोजित रस्ता गल्लीतून नदीकडे सरळ उतरत होता. तसाच गेला असता तर मोकळ्या पायऱ्यांवर पोहोचला असता, कोणाची वीटही हलली नसती. परंतु पाठशाळेपाशी येऊन तो डावीकडे वळत होता आणि दालनाच्या मधून जात होता. रस्ता असो वा नळ, वाकायला कारण लागते. मध्ये खडक असेल, विहीर असेल, देऊळ असेल. तिथे काहीच नव्हते.

मग मी वाकण जिथे संपत होते तिकडे पाहिले. दालनाच्या मागे, दालनामुळे नदीपासून झाकलेली, एक नवी इमारत उभी होती. तिचा दरवाजा बरोबर त्या रेषेच्या टोकाला होता.

"ही कोणाची?" मी विचारले.

नीरजाने माझ्याकडे आश्चर्याने पाहिले. "बाबा, तुम्हाला मालूम नाही? कुणालचं यात्रीनिवास. पाटी अजून लावायची आहे."

म्हणजे दालन गेले की यात्रीनिवासाच्या प्रत्येक खिडकीतून गंगा दिसणार होती आणि बसमधून उतरलेला यात्रेकरू रुंद रस्त्याने थेट दारात येणार होता. धंद्याच्या दृष्टीने आखणी निर्दोष होती. तिच्यामागचा हात मी ओळखला. एका साच्यात दोन कामे कशी साधायची हे त्याला मीच शिकवले होते. मी कठड्याला धरून उभा राहिलो. नीरजाने विचारले, "बाबा, बरं वाटत नाही का?" खाली मुले आली होती आणि 'दिवाळी' म्हणण्याची पैज लावत होती.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. या वेळी त्याने लस्सी मागवली नाही.

"दादा, मी तर त्या दिवशी नाशिकला होतो."

"ठाऊक आहे."

"मी असतो तर अडवलं असतं. आता सदनाने मंजूर केलं. माझ्या हातात काय राहिलं?"

"रस्ता पाठशाळेपाशी का वाकतो?"

"काहीतरी तांत्रिक कारण असेल."

"मी तांत्रिक माणूस आहे, ढुंढी."

तो खाली पाहू लागला. मग त्याने आवाज अगदी मऊ केला. यात्रेकरूला महागाची खोली सुचवताना करी तसा.

"दादा, दालन जुनं झालंय. पावसात गळतं. मी मुलांच्या वर्गासाठी यात्रीनिवासाच्या तळघरात हॉल देतो. एसी लावून. वहिनींचं नाव देऊ. शरदिनी हॉल. मोठी पाटी करू."

मी त्याच्यावर ओरडलो असतो तर बरे झाले असते. परंतु मला त्या क्षणी राग आला नाही. लाज वाटली, आणि ती कोणाची हेही नीट कळेना. मेलेल्या माणसाचे नाव त्याने गिऱ्हाइकासमोर ठेवल्यासारखे माझ्यासमोर ठेवले होते. मी उठलो. पायरी उतरताना सवयीने त्याने माझा हात धरला. मी तो सोडवून घेतला.

कोर्टाचे दार आता वकिलाच्या म्हणण्याप्रमाणे जवळजवळ बंद होते. आम्ही अर्ज केला. तारीख मिळाली ती पार कार्तिकानंतरची. पाडकाम पुराचे पाणी उतरल्यावर, कार्तिकातल्या गर्दीआधी, व्हायचे होते. मोहल्ल्यातल्या कोणी मला दोष दिला नाही. त्यामुळे ते अधिक जड गेले.

भाद्रपद आला. गंगा चढून दालनाच्या जोत्याशी आली होती. पायऱ्या पाण्याखाली, नावा खांबांना बांधलेल्या. चतुर्थीला मूर्ती चौरंगावर बसली. यजमानाचा पाट मांडला गेला, आणि सगळे माझ्याकडे पाहू लागले. यज्ञेशगुरुजी हळूच म्हणाले, "दादा, या वर्षी तुम्हीच बसा. सर्वांची इच्छा आहे."

"मान ताम्हनकरांचा आहे," मी म्हणालो. "सुपारी ठेवा."

"अजून?" सीताकाकूंनी कपाळाला हात लावला. "ज्याने गळा कापला त्याच्यासाठी पाट मांडायचा? तुझं डोकं फिरलं का रे, विश्वेश्वर?"

"काकू, मान त्याच्या वडिलांनी मिळवलाय. तो मी काढून घेणार नाही. मुहूर्त झाला, गुरुजी. सुरू करा."

सुपारी ठेवली गेली. मी शेजारी बसलो, हातावर पाणी घेतले. गुरुजींनी ढुंढिराजचे नाव आणि गोत्र उच्चारले. संकल्प सुटला.

प्राणप्रतिष्ठेचे मंत्र चालू असताना गल्लीत गलका झाला. आधी कॅमेरेवाले आले, मागून पोलीस, आणि मग रेशमी सोवळे नेसलेला, कपाळाला गंध लावलेला ढुंढिराज. दोन वर्षांत आला नव्हता. या वर्षी आला. दालनातला शेवटचा गणपती आणि त्याच्यासमोर बसलेला महापौर, असे छायाचित्र त्याला हवे असणार. किंवा खरेच त्याचे मन त्याला खात असेल. मी दोन्ही शक्यता आजही मोकळ्या ठेवतो.

"थोडा उशीर झाला," तो म्हणाला. "दादा, सुपारी उचला. मी आलोय."

गुरुजी थांबले. सबंध दालन थांबले. एका कॅमेरेवाल्याने दुसऱ्याला विचारले, "क्या हो रहा है?"

मी हातातले फूल सुपारीवर वाहिले आणि मग वर पाहिले.

"संकल्प सुटला, महापौर साहेब," मी म्हणालो. "यजमान पाटावर बसले आहेत. आपण दर्शन घ्या. प्रसाद झाल्यावर मिळेल."

उभ्या आयुष्यात मी त्याला 'आपण' म्हटले नव्हते. कॅमेरेवाल्यांना त्यात काही कळले नाही; आमच्या माणसांना सगळे कळले. ढुंढिराजचा चेहरा उतरला. तो वाकला, आणि फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाला, "दादा, लोकांसमोर असं नको. उचला ना ती सुपारी. एवढीशी तर आहे."

"दोन वर्षं तिनेच तुमची जागा सांभाळली," मी म्हणालो. "आज तिला उठवणं बरं दिसत नाही. गुरुजी, पुढे चालू द्या."

गुरुजींनी मंत्र पुन्हा धरला. ढुंढिराज थोडा वेळ खांबाजवळ उभा राहिला. रविवारच्या वर्गात मी टेकून बसत असे तोच खांब. हात जोडले, छायाचित्रे निघाली, आणि आरतीच्या आधी तो निघून गेला. सीताकाकू मागून म्हणाल्या, "प्रसाद तरी न्यायचा, मेयरसाहेब!" कोणी हसले नाही.

आरती झाली, मोदक वाटले गेले. मी सुपारी उचलून पानात गुंडाळली.

"ती नदीत टाकून द्या, बाबा," नीरजा म्हणाली. तिच्या आवाजात रडू होते. "समोर तर आहे नदी."

मी नाही म्हणालो. पूजा त्याच्या नावाने झाली होती. तिचे जे काही फळ असेल ते त्याचे, आणि त्याचे काहीही मला माझ्याजवळ ठेवायचे नव्हते.

दुकानात तो गादीवर बसलेला होता. सोवळे बदलले होते. कारागीर जेवायला गेलेला. बंद केलेल्या गडूंची रास फळीवर चकाकत होती. यात्रेकरूंचा एक घोळका गडू निवडून नुकताच बाहेर पडला होता, प्रत्येकाने आपापला गडू दोन्ही हातांत जपून धरलेला.

मी पान त्याच्यासमोर ठेवले. त्याने ते उघडले. सुपारीला कुंकू लागलेले होते, एक दूर्वा चिकटली होती. पूर्वीसारखी त्याने ती डोळ्यांना लावली नाही. नुसती बोटांत धरून फिरवत राहिला.

"मला वाटलं, या वर्षी तुम्ही आणणार नाही," तो म्हणाला.

"रीत आहे."

"दादा..." त्याचा आवाज अडखळला. तो खरोखर अडखळला, की त्याला तसे करता येत होते, हे मला सांगता येणार नाही. इतकी वर्षे ओळखलेल्या माणसाबद्दल मला एवढेही सांगता येऊ नये, हेच त्याने माझ्याकडून नेले. "दादा, चुकलं असेल माझं. पण पुढच्या वर्षी काहीही झालं तरी सुपारी ठेवायची नाही. मंत्री येवो, कोणी येवो. पुढच्या वर्षी मी स्वतः पाटावर बसेन."

मी पायरी उतरलो, आणि वळून त्याला विचारले,

"कुठे?"